फितीची अडकलेली कात

साप घरातून गेला असता तर टिल्लूला काय मिळालं असतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे कुणावर उगाच आळ यायला नको. मिळाली असती तळमजल्यावरची मागची खोली. दहा फूट बाय साडेआठ फूट, एक खिडकी, खिडकीसमोर शेजारच्यांची भिंत, त्यामुळे दुपारचं ऊन नाही. दाराला आतून कडी. त्या खोलीत टिल्लू एक खाट टाकणार होता आणि जेवल्यावर दोन ते चार झोपणार होता. बस्स, एवढंच. याहून कितीतरी मोठ्या लोभापायी भावंडं एकमेकांची तोंडं बघायची सोडतात. त्या मानाने टिल्लूची मागणी अगदीच बेताची होती.

त्याच्या बायकोला काय मिळालं असतं, तेही बघायला हवं. तिला दोन ते चार टिल्लू मिळाला नसता. वजनमापे खात्यातून निवृत्त झाल्यापासून तो वरच्या मजल्यावर दिवसभर हिंडायचा आणि डब्यातलं पीठ, बाटलीतलं तेल, साबणाची वडी, जे हाताला लागेल ते मोजायचा. "अर्धा किलो छापलंय आणि भरतंय चारशे ऐंशी, बघितलंस?" हे रोज दुपारी ऐकण्यापेक्षा नवरा खाली कडी लावून घोरत पडलेला बरा, असं तिचं मत होतं, आणि ते मत चुकीचं आहे असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

राहिली ताई. साप गेला असता तर ताईला घरात शांतता मिळाली असती. साप राहून तिला काहीच मिळणार नव्हतं. आणि नेमकी तीच पाय रोवून उभी होती.

ताई म्हणजे टिल्लूची थोरली बहीण. त्रेसष्ट वर्षांची, पुस्तकबांधणीचं काम करणारी, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. आईवडिलांमागे घराची वाटणी सरळ झाली होती: वरचा मजला टिल्लूला, खालचा ताईला. टिल्लू सहा फूट उंच आणि दाराएवढा रुंद. पाळण्यातलं नाव तसंच चिकटून राहिलं होतं. खाली रस्त्याकडच्या खोलीत ताईचं दुकान. लोखंडी दाबयंत्र, पुठ्ठे कापायची मोठी कातर, दोऱ्याची रिळं, खळीचं पातेलं. मागच्या खोलीत बांधलेली पुस्तकं सुकत असत, आणि त्याच खोलीत, बुटक्या कपाटावरच्या काचेच्या पेटीत, फीत राहत असे. पुस्तकं काय कुठेही सुकतील, साप गेला की खोली रिकामीच, असा टिल्लूचा हिशेब होता.

फीत म्हणजे साप. अजगरांच्या एका लहान जातीतली. जेमतेम अडीच हात लांब, तपकिरी अंगावर पिवळट ठसे, आणि घाबरली की स्वतःचाच चेंडू करून डोकं आत लपवणारी. तीन वर्षांपूर्वी एक विद्यार्थी प्रबंध बांधायला देऊन गेला तेव्हा सोबत ही पेटीही ठेवून गेला. "मावशी, पंधरा दिवस सांभाळा, गावाला जाऊन आलोच." प्रबंध न्यायला तो ठरल्या तारखेला हजर होता. पेटीचं विचारलं तर म्हणाला, उद्या नेतो. त्याचा उद्या अजून उजाडायचाय. ताईने महिनाभर वाट बघितली, मग पानांत ठेवायच्या खुणेच्या फितीवरून सापाचं नाव ठेवलं, आणि विषय संपला.

टिल्लूच्या बायकोच्या लेखी तो संपला नव्हता. साप घरात रोगराई आणतो, असं ती अधूनमधून म्हणायची. एकदा जेवताना तिने फारच लावून धरलं, तेव्हा ताई ताटावरून उठत म्हणाली, "ज्या दिवशी ती आजारी पडेल ना, त्याच दिवशी दाराबाहेर काढीन. जा, लिहून ठेव." दुसऱ्या कुणाच्या घरात हे बोलणं हवेत विरून गेलं असतं. पण टिल्लूने खरोखरच लिहून ठेवलं. तारीख, वार, वेळ घातली, आणि खाली ताईची सही घेतली. ताईनेही तावातावाने केली.

एका सकाळी टिल्लू टेप घेऊन खाली आला. खाट खिडकीखाली बसते की नाही, ते त्याला बघायचं होतं.

"बाकीच्यांच्या खोल्यांत असं टेप घेऊन फिरतात का रे?" ताई पुस्तकाच्या पाठीला गोंद लावता लावता म्हणाली.

"मोजायला काय लागतंय? मी काय लगेच राहायला येतोय?" टिल्लू कपाटापर्यंत टेप ओढत गेला आणि तिथेच थबकला. "ताई, हिच्या शेपटीचं टोक काळं का?"

"नक्षी आहे ती."

"आणि नक्षीला दोऱ्याने करकचून बांधलंय?"

ताईने ब्रश ठेवला. चष्मा खाली ओढला, भिंग घेतलं. फितीच्या शेपटीच्या टोकापाशी पांढरट, चुरगळल्यासारखी वळी दिसत होती. तिच्याखालचा भाग एखाद्या जळक्या काडीसारखा सुकलेला होता. गेले कित्येक महिने ताई ते बघत होती आणि नक्षीच समजत होती. एकतीस वर्षं दुकानदारांच्या तराजूंखाली चिकटवलेली चिंच आणि मेण शोधणाऱ्या माणसाला मात्र ते पहिल्या नजरेत दिसलं.

"आजारी पडली," टिल्लू म्हणाला. आवाजात आनंद नव्हता असं नाही, पण त्याने तो सभ्यपणे दाबला होता.

"आजारी नाहीये. कात अडकलीय."

"कात अडकणं म्हणजे आजारच."

"तुझी बनियन डोक्यात अडकते तेव्हा तुला दवाखान्यात नेतात का?"

टिल्लू टेप गुंडाळत वर गेला. वही आणायला गेला, हे ताईला न सांगताच कळलं. तो वर आहे तोवर तिने कपाटाचा खालचा खण उघडला. तिथे तिची एक वेगळी वही होती, जाड कागदाची, तिने स्वतः शिवलेली. फितीने टाकलेली प्रत्येक कात ती त्या वहीत चिकटवून ठेवायची. पहिल्या तीन काती अख्ख्या होत्या. डोक्याच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, मोज्यासारख्या. पुढच्या तीन तुकड्या-तुकड्यांनी निघाल्या होत्या. ते तुकडे ताईने मोठ्या हौसेने जुळवून लावले होते. आता तिने त्या पानांवर बोट ठेवून एकेक कात तपासली.

बांधणीच्या कामातला पहिला नियम असा की सगळे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, ओळीने आहेत का, कुठलं पान गळलंय का, ते मोजल्याशिवाय सुईत दोरा ओवायचा नाही. ताईने चाळीस वर्षांत परक्यांची हजारो पुस्तकं अशी मोजली होती. गळलेल्या एका पानासाठी तिने मोठमोठ्या साहेबांना दारातून परत पाठवलं होतं. आणि आपल्याच सापाची कात मोजायचं तिला कधी सुचलं नव्हतं. शेवटच्या तिन्ही कातींना शेपटीचं टोक नव्हतं. तीनदा कात टाकली, तीनदा टोकाची कात मागेच राहिली, एकीवर एक.

टिल्लू वही उघडून दारात उभा होता. "सही तुझीच आहे ना?"

"माझीच आहे. 'आजारी' लिहिलंय ना? मग आजारी आहे की नाही ते डॉक्टर ठरवेल. चल."

"मी?"

"साक्षीदार नको तुला? आणि तुझ्या उशीचा अभ्रा दे. हिला त्यात घालून न्यायचंय."

"माझ्याच का?"

"सगळ्यांत मोठा तुझाच आहे."

जनावरांच्या दवाखान्यात बाकावर तीन कुत्री, एक मांजर आणि तोंडाला गाठ मारलेला अभ्रा मांडीवर घेतलेली ताई. शेजारी टिल्लू, वही घेऊन. एका बाईने कौतुकाने विचारलं, "काय आणलंय, ससा?" टिल्लू म्हणाला, "वादाचा मुद्दा." बाईने आपलं कुत्रं जवळ ओढलं.

डॉक्टर तरुण होती, बाह्या वर केलेल्या, हातावर ओरखडे. तिने फितीला सहज हातावर घेतलं, भिंगाखाली शेपूट धरलं, डोळे बघितले, तोंड बघितलं.

"बोटात अंगठी अडकून बोट सुजतं, बघितलंय ना काकू? तसं झालंय. फक्त अंगठ्या तीन आहेत, एकीवर एक. रक्त पुढे जात नाहीये, म्हणून टोक मेलंय. उजव्या डोळ्यावरही जुन्या कातीची चकती राहिलीय."

"म्हणजे आजारीच," टिल्लू म्हणाला.

डॉक्टरने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. "पेटी कुठे ठेवता?"

ताईने सांगितलं, आणि खरं तर जरा अभिमानानेच सांगितलं. वर्षापूर्वी तिने सरकारी दप्तरखान्याचं मोठं काम घेतलं होतं, दोनशेच्या वर जुनी दप्तरं नव्याने बांधायची. कागदाला ओल लागू नये म्हणून मागच्या खोलीत हवा सुकवायचं यंत्र बसवलं. ते हवेतलं पाणी ओढून बादलीत सोडतं आणि मागून उबदार वारा फेकतं. सापाला ऊब लागते, म्हणून पेटी नेमकी त्या वाऱ्यासमोर ठेवली. एका यंत्रात दोन कामं.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "काकू, तुम्ही सापाला कपड्यांसारखं वाळत घातलंय."

टिल्लूला खोकला आला.

"हिला ओल लागते. ओल नसली की कात कडक होते, फाटते, अडकते. तुम्ही वर्षभर त्या खोलीतली ओल बादलीने बाहेर नेऊन ओतलीत."

ताईने रिकाम्या अभ्र्याची चारपदरी घडी घातली. मग ती म्हणाली, "माझं चुकलं." दोनच शब्द, पण दात काढून घेतल्यासारखे बाहेर आले.

"तेवढं लिहून द्या," टिल्लू डॉक्टरला म्हणाला. "आजारी आहे की नाही. एका ओळीत."

"साप आजारी नाहीये, काका. खोली आजारी आहे."

"ऐकलंस?" ताईची मान पुन्हा ताठ झाली. "खोलीला दाराबाहेर काढीन असं मी म्हटलं नव्हतं."

डॉक्टर हसली, पण तिने बाजू कुणाचीच घेतली नाही. "अजून संपलेलं नाही. काळं झालेलं टोक जाणारच. पण काळं वर सरकायला लागलं, तर सडतंय असं समजायचं. मग शेपटी कापावी लागेल, आणि तेव्हा मात्र मी आजार असंच लिहीन. दहा दिवस बघू." मग जरा थांबून म्हणाली, "नाहीतर एक सुचवू का? माझ्या ओळखीचे एक जण आहेत, सापच पाळतात. त्यांच्याकडे फवारे आहेत, ओल मोजायचे काटे आहेत, सगळं आहे. देऊन टाका. हिचंही भलं, तुमचीही कटकट जाईल."

टिल्लूचा चेहरा उजळला. इतकं शहाणपणाचं बोलणं त्याने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

"नाही," ताई म्हणाली.

"अगं ताई, ऐकून तर घे—"

"ऐकलं. पुस्तक मी बिघडवायचं आणि दुरुस्तीला दुसऱ्याच्या दुकानात पाठवायचं? तसलं दुकान मी चालवत नाही. मी घोळ घातलाय, मीच निस्तरीन. काय करायचं ते सांगा."

डॉक्टरने सांगितलं. रोज अर्धा तास कोमट पाण्यात ठेवायचं, पाणी अंगभर नको, पाठीच्या खाली. मग ओल्या टॉवेलमधून सरपटू द्यायचं. झाकणाच्या डब्यात ओलं शेवाळ घालून तिला लपायला जागा करायची. शेपटीला मलम. डोळ्याला हात लावायचा नाही, ती चकती पुढच्या कातीबरोबर जाईल. यंत्र बंद. "आणि मुख्य म्हणजे ओढायचं नाही. सुटेल तेवढंच सोडवायचं."

"ते तुम्ही मला सांगू नका," ताई म्हणाली. "जुन्या पुस्तकाच्या पाठीवरचा कागद मी असाच सोडवते. ओल द्यायची आणि वाट बघायची. कोरडा ओढला की खालचा थर घेऊन येतो."

"मग काळं किती सरकलं ते रोज मोजून ठेवा."

"ते मी मोजीन," टिल्लू म्हणाला आणि खिशातून मिलिमीटरचा दहावा हिस्साही मोजणारं व्हर्नियर काढलं. दवाखान्यात येताना त्याने ते बरोबर का आणलं होतं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. दहा दिवसांत काळं सरकलं तर फीत फवारेवाल्याकडे जाणार, नाही सरकलं तर राहणार, असं दवाखान्याच्या बाकावर ठरलं. पहिलं माप तिथेच घेतलं गेलं: साडेअकरा मिलिमीटर.

घरी आल्यावर अडचण निघाली ती दप्तरांची. यंत्र बंद केलं आणि खोलीत ओले टॉवेल लटकवले, तर कागदाचं वाटोळं. फितीला पुढच्या खोलीत ठेवावं, तर गिऱ्हाईक दारातूनच पळणार आणि रस्त्यावरचा वारा. ताई जिन्याखाली उभी राहून म्हणाली, "दहा दिवस हिला वर ठेवते."

"मुळीच नाही!" टिल्लूच्या बायकोने वरूनच सांगितलं. "ताई, तुमचा मान ठेवून सांगते, साप माझ्या घरात येणार नाही."

"मग दप्तरं येतील. आणि यंत्र."

वर थोडा वेळ विचार झाला. "दप्तरांना शेपूट नसतं ना? येऊ द्या."

अशा रीतीने जो माणूस खालची एक खोली मिळवायला निघाला होता, त्याची वरची एक खोली गेली. टिल्लूच्या झोपायच्या खोलीत भिंतीला लागून दोनशे दप्तरं रचली गेली, आणि कोपऱ्यात यंत्र घोंघावू लागलं. दप्तरं खालून वर नेली ताईने. एका खेपेला सहा. टिल्लू मदतीला आला तेव्हा तिने त्याला चार दिली आणि बजावलं, "वजन करत बसू नकोस." शिवायचं काम खाली, सुकवायचं वर, त्यामुळे जिना दिवसातून वीसदा. तिसऱ्या दिवशी ताईच्या गुडघ्यांनी तक्रार केली. ताईने ती ऐकून घेतली नाही.

पहिल्या दिवशी फितीने पाणी उडवून ताईला भिजवलं. दुसऱ्या दिवशी ती टबात शांत पडून राहिली, डोकं काठाला टेकवून. ताई ओल्या कापसाचा बोळा शेपटीवर धरून बसायची. अर्धा तास, कधी पाऊण. बोटाच्या टोकाने सालीची कड चाचपायची, आणि ती उठत नसली की हात मागे घ्यायची.

टिल्लू मापासाठी यायचा तो बघत राहायचा. "एक झटका दे ना. निघेल."

"तुझ्या नखाला देऊ?"

तिसऱ्या दिवशी पहिलं वळं निघालं. भिजलेल्या कागदासारखं गुंडाळत आलं, ताईच्या बोटाला चिकटलं. माप साडेअकरा. चौथ्या दिवशी टिल्लूने नवी खाट आणून बोळात उभी करून ठेवली. म्हणाला, स्वस्तात मिळत होती म्हणून घेतली. पाचव्या दिवशी दुसरं वळं निघालं, पण त्याखालची कातडी लालसर दिसायला लागली.

सहाव्या दिवशी सकाळी टिल्लूची बायको पहिल्यांदाच खाली आली. उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता बाहेरच उभी राहिली. ताईने फितीचं अंग दोन्ही हातांत धरलं होतं. चष्म्यावर खळ उडालेली, पुसायला हात मोकळा नाही. माप काय आलं हे तिला दिसणं शक्यच नव्हतं. टिल्लू व्हर्नियरवर वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मग त्याने ते उघडलं, शून्यावर आणलं, पुन्हा लावलं. पुन्हा उघडलं, तिसऱ्यांदा लावलं. बोळातली खाट त्याला तिथून दिसत होती.

"किती?" बायकोने विचारलं.

टिल्लूने चौथ्यांदा लावलं.

"मला तर इथूनसुद्धा वाढलेलं दिसतंय," ती म्हणाली. "नीट बघा. लाल झालंय बघा सगळं."

"लाल झालंय," टिल्लू म्हणाला. "काळं साडेअकराच आहे."

"बारा असेल हो."

"अगं, एकतीस वर्षं मी तराजूत बोट घालणाऱ्यांना पकडलं. आता म्हातारपणी सापाच्या शेपटीत बोट घालू?" त्याने व्हर्नियर पुसून म्यानात घातलं आणि चिडून म्हणाला, "ती खाट आधी वर न्यायला हवी. येताजाता पायात येते."

आभार मानणं ताईच्या स्वभावात नव्हतं, आणि टिल्लूला ते सोसलंही नसतं. तिने फितीला शेवाळाच्या डब्यात सोडलं, हात धुतले आणि चहा केला. एरवी त्याला पाव कप कमी मिळायचा आणि तो ते बोलून दाखवायचा. आज कप काठोकाठ होता. त्याने तेही बघितलं आणि एक थेंब न सांडता चहा संपवला.

आठव्या दिवशी दप्तरखान्याचा माणूस काम कुठवर आलंय ते बघायला आला. ताईने त्याला वर नेलं. यंत्रासमोर दोरी बांधून टिल्लूच्या बायकोने धुतलेले कपडे वाळत टाकले होते. पाहुण्याच्या कपाळावर एक बाही अलगद टेकली.

"सरकारी दप्तरांवर बनियन?" तो म्हणाला.

"वर नाही. वरच्या बाजूला," टिल्लूने दुरुस्ती केली.

"बाई, तुम्हाला काम दिलं ते खाली यंत्राची वेगळी खोली आहे म्हणून. ती खोली कुठे गेली?"

ताईने त्याला खाली आणून दार उघडून दाखवलं. ओले टॉवेल, शेवाळाचा डबा, टब, आणि टबाच्या काठावरून बाहेर बघणारी फीत. तो दोन पावलं मागे सरला, मग घसा साफ करत म्हणाला, "हे बघा, आजच्या आज यंत्र आणि दप्तरं या खोलीत परत आणा. नाहीतर जी बांधायची राहिलीत ती मी उचलतो. दुसरे बांधणीवाले आहेत गावात."

"किती दिवसांत हवीत म्हणालात?"

"दिवस नाहीत. आज."

टिल्लूने बहिणीकडे बघितलं. तिने हे काम मिळवायला दोन वर्षं त्या दप्तरखान्याच्या पायऱ्या चढल्या होत्या, हे त्याला ठाऊक होतं. "ताई, दोनच दिवस राहिलेत," तो हळूच म्हणाला. "तो फवारेवाला… निदान दोन दिवसांपुरतं…"

"तिसरं वळं आता सुटायला आलंय. आत्ता हलवलं, वाळलं, की घट्ट बसेल." ती दप्तरखान्याच्या माणसाकडे वळली. "एकशे बारा झालीत, शहाण्णव राहिलीत. झालेल्यांपैकी एकाचं जरी पान गळलेलं निघालं, तर माझ्या दारात आणून टाका. राहिलेली घेऊन जा. दोऱ्या मी देते बांधायला."

"एका सापासाठी?"

"साप तुमचा असता तर तुम्ही विचारलं नसतंत. दप्तरं आणताना जिना जपून उतरा, तिसरी पायरी झिजलीय."

शहाण्णव दप्तरं जाताना गाडीत टिल्लूने रचली, आणि मोजून दिली.

नवव्या दिवशी दुपारी तिसरं वळं सुटलं. ताईने ओढलं नव्हतं. बोळा उचलला तर त्याच्याबरोबर आलं, आणि वळ्यात बसलेलं काळं टोकही आलं. तिने भिंग घेतलं, शेपटी उजेडात धरली. रक्त नाही, पू नाही. गुलाबी, कोरडी, बंद झालेली कड.

"टिल्लू!" तिने अशी हाक मारली की तो जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत आला.

त्याने तुकडा कागदावर ठेवून मोजला. "साडेअकरा," तो म्हणाला. मग शेपटी मोजायला व्हर्नियर लावलं आणि काय मोजायचं ते न कळून तसंच धरून राहिला. "आता काळं नाहीच."

"मग शून्य लिही," ताई म्हणाली. "आणि सही कर. या खेपेला तुझी."

त्याने केली.

दहाव्या दिवशी डॉक्टरने कड दाबून बघितली आणि मलम बंद केलं. टिल्लूने विचारलं, "टोक परत येईल का हो?"

"पालीचं येतं, काका. सापाचं नाही."

"म्हणजे गेलं ते गेलं?"

"गेलं ते गेलं."

परत येताना तो अभ्रा त्यानेच मांडीवर घेतला होता.

आता कुणाचं काय गेलं, ते एकदा बघून टाकू. त्या विद्यार्थ्याचं काही गेलं नाही. तसल्यांचं कधी जात नाही. टिल्लूच्या बायकोचंही काही गेलं नाही, उलट तिचे कपडे तासाभरात वाळू लागले आणि यंत्र खाली न्यायचा विषय ती काढू देत नाही. टिल्लूची खाली मिळणारी खोली गेली आणि वरचीही अर्धी गेली; तो यंत्राच्या घोंघाटात दोन ते चार पडून राहतो, आणि हा दंड त्याला फक्त अर्धा मिलिमीटर पुढे न वाचल्याबद्दल भरावा लागतोय. ताईचं अर्ध्याच्या आसपास काम गेलं, गुडघे गेले, आणि चारचौघांत 'माझं चुकलं' म्हणावं लागलं. तिला विचारलं तर ती म्हणते, महाग नाही पडलं. पण साडेअकरा मिलिमीटर गेले ते फितीचे. तिने ना सही केली होती, ना यंत्र आणलं होतं, ना कुणाकडे खोली मागितली होती.